दोन मजल्यांसाठी झोन नियंत्रण : एका हिवाळ्यानंतरचा अभिप्राय

आमच्या घरातील सेंट्रल हीटिंग (बॉयलरमध्ये तापवलेले पाणी पाइपांतून खोल्यांतील रेडिएटरमध्ये फिरवून घर उबदार ठेवणारी व्यवस्था) तळमजल्यावरील एकाच थर्मोस्टॅटच्या सांगण्यावरून चालत असे. त्यामुळे बैठकीची खोली 20 अंशांपर्यंत तापेस्तोवर वरच्या मजल्यावरील, दिवसभर रिकाम्या असणाऱ्या शयनगृहांतही गरम पाणी फिरत राही. मोटरवर चालणारे दोन व्हॉल्व्ह, प्रत्येक मजल्याला वेळ ठरवता येणारा एक थर्मोस्टॅट आणि त्यांना बॉयलरशी जोडणारी वायरिंगची पेटी असा झोन नियंत्रणाचा, म्हणजे प्रत्येक मजला स्वतंत्रपणे तापवू देणारा, संच बसवून घेतल्यावर हा अपव्यय थांबला.

संचाची रचना मला मनापासून आवडली. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की प्रथम त्या मजल्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि तो उघडल्यावरच त्याच्या आतील स्विच पंप व बॉयलर सुरू करतो, त्यामुळे बंद वाटेवर पंप जोर लावत राहत नाही. आमच्याकडे वरच्या मजल्याचा पाइप पंपाजवळच वेगळा होत असल्याने फरशी उखडावी लागली नाही. जिथे दोन्ही मजल्यांचे रेडिएटर एकाच पाइपवर गुंफलेले असतील, तिथे मात्र हा संच घेण्याऐवजी प्रत्येक रेडिएटरला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोली तापली की आपोआप मिटत जाणारा) लावणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

बसवणाऱ्यांच्या कामाबद्दल माझी एक गंभीर तक्रार आहे. त्यांनी बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिएटर बंद होत आले की जादा पाण्याला थेट बॉयलरकडे परतीची वाट देणारा व्हॉल्व्ह, लावलाच नव्हता. शयनगृहांतील रेडिएटरवर आधीपासून थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह होते. खोल्या तापून ते मिटत आले की पंपाचा सगळा दाब उरलेल्या एखाद्या रेडिएटरवर येई आणि रात्री पाइपांतून शिट्टीसारखा आवाज घुमे. दोनदा बोलावल्यानंतर स्वयंचलित बायपास बसला आणि आवाज गेला. त्याची जुळवणीही नीट करून घ्यावी लागते, कारण तो गरजेपेक्षा जास्त उघडा राहिल्यास गरम पाणी रेडिएटरकडे न जाता थेट बॉयलरकडे परतते; आणि परतीचे पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच कंडेन्सिंग बॉयलरला धुरातील वाफेची उष्णता परत मिळवता येते.

एक गोष्ट मात्र त्यांनी न सांगता केली, तिचे श्रेय द्यायलाच हवे : थर्मोस्टॅट असलेल्या खोलीतील रेडिएटरवरचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह त्यांनी पूर्ण उघडा ठेवला, नाहीतर दोघेही एकाच हवेवर हुकूमत गाजवू लागले असते आणि थर्मोस्टॅटची मागणी कधी संपलीच नसती.

संच निवडताना मोटरचा भाग पाइपांतील पाणी न काढता बदलता येतो ना, एवढे अवश्य विचारून घ्यावे. आमच्या संचात ती सोय आहे.