काटा नाचतोय: सेंडर बदलायचा की अर्थिंग तपासायचं?

रावेर-सावद्याहून केळी भरून निघालेल्या जुन्या ट्रकचा टेम्परेचरचा काटा उड्या मारू लागला की बरेच जण थेट सेंडर, म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान मीटरला कळवणारा सेन्सर, बदलतात. आधी अर्थ (अर्थिंग), म्हणजे गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परतणारी विजेची जोडणी, बघा. हेडलाइट लावताच काटा हलला तर दोष बहुधा तिथेच; मीटरची आणि इंजिन-चासीची अर्थ जोडणी घासून आवळा, खर्च जवळपास शून्य.

सेंडरची परीक्षा अशी: इग्निशन चालू ठेवून त्याची एकमेव वायर काढा, काटा थंडवर यावा. तीच वायर क्षणभरच इंजिनच्या लोखंडाला टेकवा, काटा गरमकडे चढावा. दोन्ही झालं तर मीटर-वायरिंग ठीक, संशय सेंडरवर. नवा बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळू नका. अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो.

आणि पाणी कमी असेल तर सेंडर वाफेत राहतो, काटा तेव्हाही नाचतो. धुळ्याजवळच्या लळिंग घाटाआधी, इंजिन थंड असतानाच रेडिएटर उघडून पाहा.