प्रतापनगरातील एक मेडिकल: थायरॉइडच्या रुग्णाने दिलेले मत

नागपूरच्या प्रतापनगर भागातील एका जुन्या मेडिकलमधून मी गेली काही वर्षे थायरॉइडच्या गोळ्या घेते. मालकांना प्रसिद्धी नको आहे, म्हणून दुकानाचे नाव लिहीत नाही. परंतु रोज सकाळी ही गोळी घ्यावी लागणाऱ्यांनी दुकान निवडताना काय पाहावे, हे या दुकानाच्या निमित्ताने नेमके सांगता येते.

माझी थायरॉइड ग्रंथी मंदावल्याचे निदान झाले, तेव्हा ऐन नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होता. घरातील सगळे कूलरसमोर बसलेले असताना मी शाल घेऊन आतल्या खोलीत जात असे. थकवा, बद्धकोष्ठता, घोगरा झालेला आवाज आणि विंचरताना हातात येणारे केस ही लक्षणे होतीच, पण त्या उन्हात थंडी वाजणे घरच्यांना खटकले आणि टीएसएच (थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारे संप्रेरक) तपासले गेले. उपचार म्हणजे लेव्होथायरॉक्सिनची एक लहानशी गोळी. तिचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये नव्हे, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि त्यातील थोडाही फरक शरीराला जाणवू शकतो. रक्तातील या औषधाची मात्रा निम्मी होण्यास सुमारे 7 दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलल्यावर खरा परिणाम तपासण्यासाठी 6 ते 8 आठवडे थांबावे लागते. म्हणूनच या दुकानाची मला सर्वांत मोलाची वाटणारी सवय अशी, की ते परस्पर कंपनी बदलून देत नाहीत. थायरोनॉर्म असो वा एल्ट्रॉक्सिन, डॉक्टरांनी जी लिहिली तीच मिळते. साठा संपला असेल तर दुसऱ्या दिवशी मागवून देतात, आणि कंपनी बदलणे अटळ असेल तर डॉक्टरांना कळवून पुन्हा टीएसएच करून घेण्यास सांगतात.

दुसरी सवय चिठ्ठी वाचण्याची. ही गोळी 12.5 मायक्रोग्रॅमची मिळते आणि 125 चीही. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीतील दशांशचिन्ह नजरेतून निसटले तर डोस दहापट होतो, आणि धडधड, हातांची थरथर, झोप उडणे यांसारखे त्रास ओढवतात. हृदयविकार असलेल्या वृद्धांना तर ते धोक्याचेच. येथे काउंटरवरचे भाऊ आकडा मोठ्याने वाचतात, जुन्या बाटलीशी ताडून पाहतात आणि मगच बिल करतात. मागे रांग असली तरी यात खंड पडलेला मी पाहिलेला नाही. रांगेतल्यांची कुरकुर मात्र पुष्कळदा ऐकली आहे.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढे अर्धा ते एक तास चहा-कॉफीसुद्धा घेऊ नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच पिशवीत कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या असतील तर त्यांत 4 तासांचे अंतर ठेवा, हे मात्र दुकानदाराने आठवणीने सांगावे लागते, आणि येथे सांगतात. बायोटिन या जीवनसत्त्वाबाबत त्यांनी दिलेली सूचना तर माझ्या फार उपयोगी पडली. केस गळतात म्हणून आपण बायोटिनच्या गोळ्या आणतो. पण रक्ततपासणीच्या काही पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच खोटेच कमी दिसू शकते आणि डोस जास्त झाल्याचा समज होतो. तपासणीपूर्वी किमान 2 दिवस ते बंद ठेवावे, हे मला प्रथम याच काउंटरवर कळले आणि डॉक्टरांनीही त्याला दुजोरा दिला.

आता उन्हाळ्याविषयी, कारण नागपुरात हा मुद्दा गौण नाही. लेव्होथायरॉक्सिन उष्णता, उजेड आणि ओल या तिन्हींनी खराब होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो, आणि कूलर लावलेल्या खोलीतील हवा थंड असली तरी दमट असते. बाटली कूलरच्या झोतात किंवा गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका, आतल्या कपाटात घट्ट झाकण लावून ठेवा, हा सल्ला येथे उन्हाळ्यात न विचारता मिळतो. दुकानातील औषधांची कपाटे एसीत आहेत, आणि वीज गेल्यास इन्व्हर्टरवर एसी चालत नसला तरी शटर अर्धे ओढून ऊन अडवले जाते.

एवढी काळजी घेणारे दुकान घरपोच सेवेत मात्र कमी पडते. दुपारी मागवलेली औषधे स्कूटरच्या डिक्कीतून, इतर चार ठिकाणी फिरून येतात. एकदा बाटली हातात घेतली तेव्हा ती चांगलीच तापलेली होती. तक्रार केल्यावर त्यांनी वाद न घालता बाटली बदलून दिली, परंतु पोहोचवण्याची पद्धत अजून तीच आहे. मार्च ते जून या काळात मी स्वतः संध्याकाळी जाऊन औषध आणते आणि इतरांनाही तेच सुचवीन.

सूट येथे ऑनलाइनपेक्षा कमी मिळते. लेव्होथायरॉक्सिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याच्या कमाल किमतीवर सरकारचे नियंत्रण आहे. गोळी मुळातच स्वस्त असल्यामुळे सवलतीतील फरक फार मोठा राहत नाही. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असते, आणि मोठी बाटली घेताना ती संपेपर्यंत मुदत पुरेल ना, हे ते तारीख दाखवून सांगतात.