३८ की ४४? टर्बो ऑक्टाव्हियावर वेस्टगेटचा आठ महिन्यांचा अनुभव

गाडी ऑक्टाव्हिया १.८ टर्बो पेट्रोल. कंपनीचा छोटा टर्बो उतरवून त्याहून एक माप मोठा टर्बो, वेल्ड केलेलं स्टेनलेसचं मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर टर्बोकडे नेणारे पाइप) आणि बाहेरून बसवलेलं वेस्टगेट (जादा धुराला वाट देणारी झडप, पुढे नुसतं 'गेट'). बूस्टचं, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेच्या दाबाचं, लक्ष्य ०.७ बार. ऑक्टोबर ते मे एवढा वापर झाला आहे, बहुतेक धुळे-जळगाव-चाळीसगाव पट्ट्यात. सुरुवातीला ३८ मिमी व्यासाच्या व्हॉल्वचं गेट होतं, जानेवारीपासून ४४ मिमीचं आहे. डिझेलमधल्या व्हीजीटी (पात्यांचा कोन बदलणाऱ्या) टर्बोत बूस्ट पात्यांनी सांभाळला जातो, त्यामुळे ती गाडी असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

गॅरेजमध्ये सल्ला ठरलेला असतो: "पॉवर वाढवायची ना भो, मग मोठं गेट टाक." हिशोब एवढा सोपा नाही. गेटचं काम टर्बाइनला (टर्बोतल्या धुराने फिरणाऱ्या चाकाला) न लागणारा धूर बाजूने काढून देण्याचं. बंधाऱ्याचा सांडवा डोळ्यांपुढे आणा. नदीला पाणी तेवढंच, पण बंधाऱ्यातली पातळी खाली ठेवायची असेल तर सांडवा रुंद लागतो आणि पातळी चढू द्यायची असेल तर अरुंद चालतो. तसंच इथे. एकाच इंजिनावर एकाच टर्बोला १.२ बार हवा असेल तर बराचसा धूर टर्बाइनमधूनच जातो आणि छोटं गेट पुरतं. ०.७ वर थांबवायचं असेल तर जास्त धूर बाहेरून काढावा लागतो, म्हणजे गेट मोठं हवं. टर्बाइनच्या घराचा ए/आर (धुराच्या वाटेचं क्षेत्रफळ आणि त्रिज्या यांचं गुणोत्तर) लहान असला की हीच गरज आणखी वाढते. मापाचा निर्णय अश्वशक्तीवर सोडू नका. किती धूर, टर्बाइन केवढी आणि बूस्ट किती कमी ठेवायचा आहे, या तिन्हीवर तो ठरतो.

३८ च्या गेटवर ऑक्टोबरच्या उन्हात सगळं ठीक वाटलं. डिसेंबरात पहाटे लळिंगच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर, गेजचा काटा ३,००० आरपीएमला ०.७ वर आला, थोडा थांबला आणि मग आरपीएमबरोबर सावकाश चढत ५,८०० ला १.०५ वर गेला. याला बूस्ट क्रीप म्हणतात. गेट पूर्ण उघडलेलं असतं, तरी धूर मावत नाही. बूस्ट स्पाइक ही वेगळी गोष्ट. त्यात काटा क्षणभर उडी मारतो आणि परत बसतो, आणि दोष बहुधा नळीत, सोलेनॉइडात (बूस्ट सांभाळणाऱ्या विजेच्या व्हॉल्वमध्ये) किंवा ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) सेटिंगमध्ये असतो. या दोन्हींची गल्लत झाली की लोक क्रीपसाठी गेट बंद धरणारी स्प्रिंग बदलत बसतात. आधीच सताड उघड्या दाराला मऊ स्प्रिंग लावून काय होणार?

थंडीतच का, याचं उत्तर हवेत आहे. १२ अंशांची हवा ४५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे साडेअकरा टक्के घट्ट असते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त धूर. आपल्याकडे मे महिन्यात ट्यून करून "गेट बरोबर बसलं" म्हणणं म्हणूनच धोक्याचं आहे. परीक्षा जानेवारीच्या पहाटे घ्यायची, आणि घेताना ईसीयूत बूस्टची मर्यादा लावून ठेवायची, म्हणजे काटा पुढे गेला तर पेट्रोल तुटेल, पिस्टन नाही.

गेट बदलण्याआधी मॅनिफोल्ड उघडून पाहिलं आणि खरी चूक तिथे सापडली. गेटकडे जाणारा पाइप कलेक्टरला, म्हणजे चारही सिलिंडरचे पाइप (रनर) जुळतात त्या भागाला, काटकोनात जोडलेला होता. धूर वेगात टर्बाइनकडे धावतो. त्याला ९० अंशात वळायला लावलं तर तो वळत नाही, सरळच जातो. शिवाय पाइपचा आतला व्यास ३२ मिमी. ३८ च्या व्हॉल्वचं क्षेत्रफळ १,१३४ चौरस मिमी, ३२ च्या पाइपचं ८०४. म्हणजे पैसे ३८ चे मोजले आणि गाडीवर बसलं ३२. आत वेल्डिंगचा गोळाही उतरला होता. तोंड ४५ अंशांत, चारही रनर एकत्र येतात त्या जागेच्या पुढे घेऊन, सव्वा इंची शेड्यूल १० चा पाइप (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचं माप; आतला व्यास ३६.६ मिमी) टिग वेल्डिंगने लावला. गेट तेच, स्प्रिंग तीच, आणि ५,८०० ला बूस्ट ०.८४ वर आला. अर्ध्याहून जास्त दुखणं पाइपचं होतं.

उरलेल्यासाठी ४४ घेतलं. क्षेत्रफळ १,५२० चौरस मिमी, म्हणजे ३८ च्या सुमारे सव्वा ते दीडपटीच्या मधे. पाइप दीड इंची शेड्यूल १० चा, आतून ४२.७ मिमी. आता थंडीतही ०.७२-०.७४ च्या पुढे काटा जात नाही.

विकत घेताना मापापेक्षा व्हॉल्वची उचल तपासा. व्हॉल्व आपल्या व्यासाच्या पाव भागाएवढा उचलला गेला तरच पूर्ण तोंड मोकळं होतं: ३८ ला ९.५ मिमी, ४४ ला ११ मिमी. स्वस्तातल्या एका ३८ च्या गेटची उचल व्हर्नियरने मोजली तर ८ मिमी भरली. तेवढ्यात कडेने मिळणारी वाट साधारण ९५५ चौरस मिमीच. टेबलावर कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरमधून खालच्या पोर्टला (गेटच्या दाब घेणाऱ्या तोंडाला) द्या, कोणत्या दाबाला व्हॉल्व हलतो आणि कोणत्या दाबाला पूर्ण उघडतो ते लिहून ठेवा. मग नळी चिमटून धरा. दाब मिनिटभर टिकला नाही तर डायफ्राम (दाबाने व्हॉल्व उचलणारा पडदा) फाटलेला आहे किंवा स्टेमच्या सीलमधून हवा जाते आहे.

४४ चा तोटाही आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. टर्बाइनच्या आधी १.२ बार दाब असेल तर तो ३८ च्या व्हॉल्वला सुमारे १४ किलोच्या जोराने उघडायला ढकलतो, ४४ च्या व्हॉल्वला साडेअठरा किलोच्या. स्प्रिंग आणि डायफ्राम त्या मानाने नसले तर गेट लवकर गळायला लागतं आणि बूस्ट उशिरा येतो. या गाडीवर पूर्ण बूस्ट आता शंभर-दीडशे आरपीएमने उशिरा येतो. गावात जाणवतं, महामार्गावर नाही. पुढे कधी १.१-१.२ बारवर जायचं ठरलेलं असेल तर ३८ च ठेवा आणि पाइप नीट करून घ्या. त्या बूस्टला मोठं गेट थोडंसं उघडलं तरी जास्त धूर सोडतं आणि काटा थरथरतो.

स्प्रिंग बूस्टचा तळ ठरवते, माथा नाही. ०.७ बारच्या स्प्रिंगवर ०.७ पेक्षा कमी बूस्ट कुठल्याही कंट्रोलरने मिळत नाही. वर मात्र तीन पोर्टच्या सोलेनॉइडने ढोबळमानाने दुपटीपर्यंत जाता येतं. सोलेनॉइड नसेल तर वरचं पोर्ट उघडं ठेवा. "धूळ जाते" म्हणून बुच मारणारे मिस्त्री भेटतात. बुचामुळे वर अडकलेली हवा दबते, व्हॉल्वला उठू देत नाही आणि बूस्ट वाढतो. धुळीचीच भीती असेल तर पोर्टला हातभर नळी जोडून तिचं तोंड खाली करा. खालच्या पोर्टची नळी कॉम्प्रेसरच्या घरावरून घ्या, थ्रॉटलनंतरच्या मॅनिफोल्डवरून नको. स्प्रिंग बदलताना झाकणाचे सगळे स्क्रू एकदम काढू नका. समोरासमोर दोन लांब स्क्रू लावून ते हळूहळू सैल करा, नाहीतर झाकण तोंडावर येतं.

बाहेर काढलेला धूर मोकळा सोडण्याचा मोह टाळा. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, तिरक्या कोनात डाउनपाइपला (टर्बोतून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपला) परत जोडा. पीयूसी आणि कान दोन्ही वाचतात. तरी कंपनीच्या रचनेत असा बदल १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतो, हे धरूनच कामाला हात घाला.

आठ महिन्यांत मोडलं काय? गेट नाही, नळ्या. एप्रिलमध्ये भुसावळकडच्या उन्हात बॉनेटखाली सिलिकॉनची ४ मिमी नळी टर्बोच्या बाजूने मऊ पडून फिटिंगवरून निसटली. गेटला दाबच कळेना, ते बंद राहिलं आणि पेट्रोल कटने गाडी वाचवली. आता गेटजवळचा वीतभर भाग तांब्याच्या नळीचा आहे आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प आहेत. व्ही-बँडचा (गेट पाइपला आवळणाऱ्या पट्टीचा) नट पहिल्या दोन-तीन गरम-थंड फेऱ्यांनंतर अर्धा आटा ढिला निघाला. सीटची रिंग विसरून गेट बसवलं की धूर गळतो आणि फ्लॅंजभोवती काळा डाग दिसतो, तेवढं बॉनेट उघडलं की बघत जा.