५१ टक्के माझ्या नावावर, किल्ल्या दुसऱ्याकडे

हे लिहायचं दोन वर्षं टाळत होतो. अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेली चार-पाच मराठी मुलं मला इथे टेक्सासमध्येच भेटली आहेत. त्यांच्यापैकी कुणी माझ्यासारखं अडकू नये, म्हणून आता सगळं सांगतो.

मी मूळचा सांगलीचा. पंधरा वर्षांचा असताना आईबाबांबरोबर इकडे आलो, २००३ मध्ये सैन्यात भरती झालो. २००७ साली इराकमध्ये रस्त्याकडेला पुरलेला बॉम्ब फुटला आणि माझी कंबर आणि डावा कान कायमचा गेला. माजी सैनिकांचं खातं, म्हणजे व्हीए, त्यांनी ४० टक्के अपंगत्व ठरवलं. सुटून आल्यावर सॅन अँटोनियोत रंगकाम, ड्रायवॉल, किरकोळ दुरुस्ती अशी छोटी कंपनी काढली. तीन माणसं आणि एक व्हॅन. घर चालत होतं.

इथल्या केंद्र सरकारच्या कंत्राटांमधला ठरावीक वाटा आमच्यासारख्या, सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या छोट्या कंपन्यांना मिळावा, असं उद्दिष्ट आहे. आधी ते ३ टक्के होतं, डिसेंबर २०२३ च्या कायद्याने ५ टक्के झालं. व्हीएच्या स्वतःच्या कामांत तर आम्हाला पहिला मान आहे. अपंगत्व किती टक्के, हे बघत नाहीत. शून्य टक्के ठरलेलं असलं तरी चालतं, फक्त ते सेवेमुळे आलेलं असलं पाहिजे. त्यामुळे आमच्या नावाला बाजारात भाव आला आणि तो भाव ओळखणारी माणसंही आली.

मला जो भेटला तो गणपतीच्या आरतीला भेटला. २०२२ साल होतं. बांधकामातला जुना कंत्राटदार, गोड बोलणारा, आपल्याच भाषेतला. मी सार्जंट होतो, पण तो मला मेजर म्हणायचा. आईच्या पाया पडायचा. तिसऱ्या भेटीत त्याने विषय काढला. "मेजर, तुमच्याकडे माजी सैनिकाच्या कंपनीच्या सर्टिफिकेटला लागतं ते सगळं आहे, माझ्याकडे माणसं आणि यंत्रं आहेत. नवी कंपनी काढू. ५१ टक्के तुमचे, ४९ माझे. तुम्ही कंबर सांभाळा, पळापळ माझ्याकडे."

मला ते प्रेमाचं बोलणं वाटलं. कंबर दुखणाऱ्या माणसाला कुणी 'तू बस, मी करतो' म्हटलं, तर आणखी काय वाटणार?

एसबीए, म्हणजे लघुउद्योगांचं सरकारी खातं, १ जानेवारी २०२३ पासून हे सर्टिफिकेट देतं. त्याआधी ते काम व्हीएकडे होतं. अर्जाला एक डॉलरही लागत नाही. तरी याने 'प्रोसेसिंग' म्हणून माझ्याकडून ४,००० डॉलर घेतले. सरकारी कामासाठी सॅम नावाच्या सरकारी वेबसाइटवर नाव नोंदवावं लागतं, तीही नोंदणी फुकट असते. ती त्याने स्वतःच्या ईमेलवरून केली आणि पासवर्ड मला कधीच दिला नाही. बँकेत सही आम्हा दोघांची होती, पण चेकबुक त्याच्या ऑफिसच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. मी एकदा मागितली तर म्हणाला, "मेजर, विश्वास नाही का?" मी गप्प बसलो. त्या दिवशी गप्प बसायला नको होतं.

सर्टिफिकेटसाठी पाठवलेला करार नियमाला धरून होता. ते हातात पडल्यावर महिन्याभराने त्याने 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून दोन पानं पुढे केली. त्यात लिहिलं होतं की पाच हजारांवरचा कुठलाही खर्च, माणूस ठेवणं, टेंडर भरणं, सगळं दोघांच्या एकमताने होईल. वाचताना मला ते न्यायाचंच वाटलं. पण नियम असा आहे की रोजचा कारभार आणि लांबचे निर्णय, दोन्ही माजी सैनिकाच्या एकट्याच्या हातात असले पाहिजेत. कंपनी विकणं, बंद करणं, दिवाळखोरी अशा मोजक्या मोठ्या गोष्टींतच दुसऱ्याला नकाराचा हक्क देता येतो. शिवाय करारात असा बदल केला की एसबीएला कळवावा लागतो. आम्ही कळवलाच नाही.

याहून वाईट गोष्ट आमच्या स्वयंपाकघरात घडली. सरकारी बांधकामाला विमा कंपनीचा बॉन्ड लागतो. काम अर्धवट राहिलं किंवा पोटकंत्राटदारांचे पैसे बुडाले, तर विमा कंपनी भरते आणि नंतर मालकांकडून वसूल करते. त्यासाठी मालकाची आणि त्याच्या बायकोची वैयक्तिक हमी घेतात. संध्याकाळी सातला तो कागद घेऊन आला. बायको पोळ्या लाटत होती. हात पुसत आली आणि विचारलं, "अरे, यात आपलं घरही येतं का?" तो हसून म्हणाला, "वहिनी, फॉर्मॅलिटी आहे, सगळे करतात." सहीच्या रेघेवर तिच्या बोटाचं पीठ लागलं. त्या कागदाची प्रत आजही माझ्या फाइलमध्ये आहे.

२०२३ च्या हिवाळ्यात एका सरकारी दवाखान्याच्या इमारतीचं छत आणि आतल्या दुरुस्तीचं काम मिळालं. सगळं पोटकंत्राट त्याच्याच दुसऱ्या कंपनीला गेलं. इमारतीच्या बांधकामात आपल्यासारखं सर्टिफिकेट नसलेल्या पोटकंत्राटदार कंपन्यांना जास्तीत जास्त ८५ टक्के रक्कम देता येते, हेही मला उशिरा कळलं. मी महिन्यातून दोनदा साइटवर जायचो, तर मुकादम मला पाहुणा समजून चहा विचारायचा.

२०२४ मध्ये पुढच्या टेंडरच्या वेळी हरलेल्या एका कंपनीने आमच्या पात्रतेवर हरकत घेतली. अशी हरकत एसबीएच्या अपील कार्यालयात चालते. त्यांनी करार मागवला. ती दोन पानं पुढे आली आणि आमचं सर्टिफिकेट गेलं. त्याच महिन्यात त्याच्या त्या दुसऱ्या कंपनीने नेमलेल्या दोन पोटकंत्राटदारांनी थकलेल्या बिलांसाठी बॉन्डवर दावा लावला. विमा कंपनीने त्यांचे पैसे दिले आणि पत्र माझ्या घरी पाठवलं. भागीदाराचा फोन बंद होता. त्याचं घर आधीपासूनच बायकोच्या भावाच्या नावावर होतं.

वकील पहिल्याच भेटीत म्हणाले, "तुम्ही स्वतःला फसलेला समजता, पण सरकारपुढे तुमची सही आहे." खोट्या दाव्यांच्या कायद्यात नुकसानीच्या तिप्पट वसुली होऊ शकते. कॅन्सस सिटीच्या 'रेंट-अ-व्हेट', म्हणजे 'माजी सैनिक भाड्याने', खटल्यात ३० कोटी डॉलरहून जास्त किमतीची कंत्राटं होती आणि ज्याचं नाव पुढे केलं होतं त्या माजी सैनिकालाही गुन्हा कबूल करावा लागला. मी सगळे कागद स्वतः नेऊन दिले आणि चौकशीत जे विचारलं ते सांगितलं, म्हणून तिथवर वेळ आली नाही. विमा कंपनीशी ६२,००० डॉलरवर तडजोड झाली. दरमहा हप्ता जातो.

नंतर समजलं की आमच्याच शहरात एपेक्स ॲक्सेलरेटर नावाचं सरकारी मदतीवर चालणारं केंद्र आहे. तिथे सर्टिफिकेटबद्दल फुकट सल्ला देतात, टेंडर कसं भरायचं ते शिकवतात. सही करण्याआधी तिथे तासभर बसलो असतो, तर तिथल्या सल्लागार बाईंनी त्या दोन पानांवर लगेच बोट ठेवलं असतं.

गेल्या आठवड्यात नौदलातून सुटलेल्या एका मुलाचा फोन आला. त्याचे आईवडील कोल्हापूरचे. म्हणाला, "काका, एकजण ५१-४९ चं म्हणतोय, माणूस फार चांगला आहे." मी त्याला काहीच सही करू नकोस म्हणालो. शनिवारी तो कागद घेऊन येणार आहे. बायकोलाही घेऊन ये, असं सांगितलंय.