चेकलिस्ट की रोजची वही?

आयईपीत (एकेका मुलासाठी आखलेल्या शिक्षण योजनेत) ध्येय आहे 'शर्टाची बटणं लावणे'. प्रगती कुठे नोंदवायची, यावर विशेष शाळेत नव्याने लागलेले शिक्षक अडतातच.

एमडीपीएस (मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिम) या कौशल्यांच्या चेकलिस्टमध्ये 18 विभाग, प्रत्येकी 20 बाबी, एकूण 360. करतो त्याला 'ए', करत नाही त्याला 'बी'. मुलाचं चित्र एका नजरेत दिसतं, पालकांनाही समजतं. पण हात धरून करून घ्यावं लागणारं मूल आणि नुसतं "हं, पुढे" म्हटलं की करणारं मूल, दोघंही 'बी'. वर्षभर खपून मूल पहिल्यावरून दुसऱ्यावर आलं तरी कागद ढिम्म.

इथे सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेवरील राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी ही दुसरी चेकलिस्ट सरस. स्वतः, खुणेने, सांगून, हाताला धरून, अजिबात नाही, अशा वेगळ्या नोंदी. संधीच मिळाली नसेल तर तीही. (घरी फक्त टी-शर्टच घालतात, मग बटणाची फुली पोराच्या नावावर का?)

दोन्ही चेकलिस्टचं दुखणं एकच. तिमाही संपताना आठवून भरल्या जातात. एका दुपारी अख्ख्या वर्गाच्या मीही भरल्यात.

वहीत आठवावं लागत नाही. रोज पाच प्रयत्न, प्रत्येकापुढे मदतीचं अक्षर, तिथल्या तिथे. मात्र एका मुलामागे दोनच ध्येयं; जास्त घेतलीत तर आठवड्यात वही बंद पडते.

आणि वहीसुद्धा खोटं बोलते. एकदा मावशींना शेजारी बसवून त्याच दहा प्रयत्नांची नोंद करायला लावली. माझ्याकडे 'स्वतः' आठ, त्यांच्याकडे पाच. "बाई, तुम्ही कोपराला हात लावता की!" मला पत्ताच नव्हता. दहापैकी सात नोंदी जुळल्या, म्हणजे 70 टक्के. 80 च्या खाली आलं की आधी व्याख्या दुरुस्त करायची. आम्ही पहिल्या पानावर लिहिलं: कोपराला स्पर्श म्हणजे शारीरिक मदत. पुढच्या आठवड्यात माझे 'स्वतः' घटले. मूल मागे गेलं नव्हतं, नोंद खरी झाली होती.

मोबाइलवरच्या शीटमध्ये आलेख आपोआप निघतो, पण बटण लावून घेताना दोन्ही हात गुंतलेले असतात. मी शुक्रवारी वहीतून उतरवते.

निवडायचंच तर वर्षारंभी आणि तिमाहीला एफएसीपी, मधल्या दिवसांत वही. चेकलिस्ट भरताना वही उघडी ठेवा. पेन्सिल वहीला सुतळीने बांधा, नाहीतर ती मधल्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही.