गाडीच्या एसीतला कुबट वास: फिल्टर, फोम, ओझोन की थेट डॅशबोर्ड?

गेल्या मोसमातल्या कूलरच्या ताट्या मार्चमध्ये माळ्यावरून काढून ओल्या केल्या की पहिल्या दिवशी घरभर जो वास फिरतो, तो नागपुरात वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जुलैत गाडीचा एसी लावल्यावर पहिल्या झुळुकीला येतो तो याचाच भाऊ. कारणही एकच: धूळ आणि ओल एकत्र आली, हवा लागली नाही.

डॅशबोर्डच्या पोटात कूलिंग कॉइल असते. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची दाट जाळीच म्हणा. ती थंड झाली की हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन जमते आणि ड्रेन पाइपातून खाली गळते. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी की पाणी जेमतेम जमतं, पण सिमेंट रस्त्यांची आणि उड्डाणपुलांची धूळ भरपूर आत जाते. मग पाऊस लागतो, त्याच धुळीचा चिखल होतो आणि त्यावर बुरशी नि जिवाणू वाढतात. म्हणून उन्हाळाभर गप्प असलेली गाडी पावसाळ्यात बोलायला लागते. सिग्नलला कॉम्प्रेसर कट झाला की वास जास्त येतो, कारण कॉइल तापायला लागते आणि तिच्यावरची ओल उडून थेट आपल्या नाकात येते.

उपाय निवडण्याआधी वास नीट ओळखा. गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं असेल तर हिटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळत असण्याची शक्यता आहे. कुजका, मळमळवणारा असेल तर बहुधा उंदीर. जळक्या वायरचा असेल तर गाडी बाजूला घ्या. खालचं सगळं फक्त कुबट वासाबद्दल आहे.

आणि एक फुकटची तपासणी. गाडी सपाट जागी उभी करून एसी पंधरा मिनिटं चालू ठेवा. दमट दिवसांत खाली पाण्याचं छोटं थारोळं दिसायलाच हवं. दिसलं नाही आणि डाव्या सीटसमोरचा गालिचा हाताला ओला लागला, तर ड्रेन पाइप चोक आहे. तो मोकळा होईपर्यंत पुढचा कुठलाही उपाय पैसे पाण्यात. माझ्या गाडीच्या पाइपात चिखलाचा बोळा अडकला होता. मेकॅनिकनं खालून तार घातली, हवा मारली आणि "पाहा भाऊ, पूर्ण मडकंच भरून होतं" म्हणत बाजूला झाला. ग्लासभर पाणी एकदम पडलं.

आता पर्याय.

परफ्यूम मी उपाय मानत नाही. कुबट अधिक मोगरा हा मिश्र वास निव्वळ कुबटपेक्षा वाईट. जुनी गाडी घेताना मात्र उपयोगाची खूण: आत पाय ठेवताच अत्तराचं दुकान वाटलं, तर काचा बंद करून एसी लावा आणि पहिला एक मिनिट नाक उघडं ठेवा.

केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, बदलणं सगळ्यात स्वस्त, आणि सुरुवात इथूनच. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. दोन्ही बाजू आत दाबून बॉक्स खाली पाडला, झाकणाची खिट्टी काढली की हातात येतो. दहा मिनिटांचं काम. माझा निघाला तेव्हा मूळ पांढरा रंग फक्त कडेला शिल्लक होता. घड्यांमध्ये कडुनिंबाच्या काड्या, मोहर, एक वाळका किडा. गाडी झाडाखाली लावायची हौस, दुसरं काय. नवा बसवताना बाणाची दिशा पाहा, उलटा बसवलेले फिल्टर मी दोनदा पाहिले आहेत. साधा घ्यायचा की कार्बनचा? साधा धूळ अडवतो, कार्बनचा बाहेरचा धूर आणि नाल्याचा वासही बराच कमी करतो. पण कॉइलवरच बुरशी असेल तर कार्बनचाही इलाज नाही, कारण फिल्टर कॉइलच्या अलीकडे बसतो. मला तीनशे ते सातशेच्या दरम्यान भाव सांगितले गेले. काही स्वस्त मॉडेलांत कंपनीकडून फिल्टर येतच नाही, नुसती खाच असते. ती रिकामी असेल तर आधी भरा.

फिल्टर बदलून दोन-तीन दिवसांत वास गेला नाही, म्हणजे प्रकरण कॉइलपर्यंत पोचलं आहे. इथे लोक दोन वस्तूंत गोंधळतात. एक असतो धुराचा डबा: सीटखाली ठेवायचा, एसी फुल, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) चालू, काचा बंद, आपण बाहेर. सोपा आहे, पण तो हवेसोबत फिरतो, कॉइलवरचा थर धूत नाही. दुसरा कॉइल क्लीनरचा फोम, लांब नळीचा. फिल्टर काढलेल्या जागेतून नळी कॉइलकडे सरकवून फोम मारायचा, वीस-पंचवीस मिनिटं मुरू द्यायचा. तो विरघळत ड्रेन पाइपातून मळ घेऊन उतरतो. नंतर काचा उघडून ब्लोअर चालवायचा. मी केलं तेव्हा खाली पहिलं पाणी बिनदुधाच्या चहासारखं आलं, दुसऱ्या डब्यानंतर बरंच निवळलं. माझं मत सरळ फोमच्या बाजूने आहे. अट एकच, नळी कॉइलपर्यंत जायला हवी. काही गाड्यांत मध्ये ब्लोअरची मोटर आणि तिच्या वायरी येतात, तिथे अंदाजाने फवारू नका; कॅमेरा घालून काम करणाऱ्या एसीवाल्याकडे द्या. घरातलं ब्लीच तर चुकूनही नको, ॲल्युमिनियम खराब होतं.

ओझोनवर मी एकदा फसलो. एका गॅरेजमध्ये "जर्म्स शंभर टक्के साफ" म्हणून ओझोन वायू सोडणारं मशीन लावलं, अर्धा तास. त्या संध्याकाळी गाडीला झेरॉक्सच्या दुकानासारखा वास होता. दोन आठवड्यांनी जुना पाहुणा परत. दोष ओझोनचा नाही, कामाच्या निवडीचा आहे. ओझोन सिगारेटचा वास, उलटीचा वास, सीटच्या कापडात मुरलेला सावजी रश्शाचा डबा यांवर चांगला चालतो. कॉइलवरचा मळ तो उचलत नाही, आणि मळ राहिला की बुरशी पुन्हा येते. शिवाय ओझोन फुप्फुसांना त्रासदायक. कुणी आग्रहाने लावलाच तर दारं उघडून गाडी चांगली वारवून मगच बसा. घरात दमेकरी असेल तर मी नाहीच म्हणेन.

डॅशबोर्ड खोलून कॉइल बाहेर काढून धुणं सगळ्यात पक्कं आणि सगळ्यात नको वाटणारं. कॉइल गॅसच्या लाइनला जोडलेली, म्हणजे गॅस काढणं, नंतर व्हॅक्यूम, पुन्हा गॅस भरणं, जोडावर नवी ओ-रिंग (रबरी कडी). मला पाच ते नऊ हजार सांगितले गेले. पैशापेक्षा भीती वेगळीच: एकदा खोललेला डॅशबोर्ड पुढे प्रत्येक खड्ड्यात कुरकुरतो. थंडावा कमी झाला असेल, हवा क्षीण येत असेल किंवा कॉइलच गळत असेल, तरच इथे या. तेव्हा मजुरी तशीही लागणारच. नुसत्या वासासाठी यायचं असेल, तर दोनदा फोम करूनही तो गेला नाही तरच.

एक अपवाद पाण्यात बुडालेल्या गाडीचा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आजूबाजूच्या वस्त्यांत कित्येक गाड्या सीटपर्यंत पाण्यात होत्या. अशा गाडीत वास एसीतून येतोय असं वाटतं, पण खरा गालिच्याखालच्या जाड नमद्यात असतो. सीटा काढून तो उन्हात वाळवला नाही, तर कॉइल दहा वेळा धुवा, वास तसाच.

तर ठरवायचं कसं? खर्च हजाराच्या आत ठेवायचा असेल तर ड्रेन, फिल्टर, फोम, याच क्रमाने. स्वतः हात घालायचा नसेल तर हेच तीन शब्द एसीवाल्याला सांगा आणि "पॅकेज" ऐकून घेऊ नका. वॉरंटीतली गाडी असेल तर आधी सर्व्हिस सेंटर, आणि काढलेला फिल्टर दाखवायला सांगा. वेळ निवडायची मुभा असेल तर जूनचा पहिला पंधरवडा, धूळ ओली व्हायच्या आत.

मी आणखी एक सवय लावून घेतली आहे, ती फुकट आहे. वर्धा रोडनं घरी येताना छत्रपती चौक आला की एसीचं बटण बंद, ब्लोअर चालू, बाहेरची हवा आत. मनीष नगरपर्यंत कॉइल बऱ्यापैकी सुकते. उन्हाळ्यात एवढं पुरतं. पावसाळ्यात हवाच ओली, म्हणून आठवड्यातून एकदा काचा उघडून हिटर फुलवर दहा मिनिटं. आई मागून दरवेळी विचारते, "काहून बंद केला रे एसी, अजून घर यायचं आहे न?"