मिरजेतलं मुलांच्या सर्जरीचं केंद्र: रात्रीच्या पोटदुखीला काय मिळतं?

सांगलीहून मिरजेला येताना दवाखान्यांच्या पाट्यांना तोटा नाही. पण मूल पोट धरून रडतंय आणि सोनोग्राफी 'नॉर्मल' आलीय, अशा वेळी आत कोण बसलंय ते बघायचं. या केंद्रात मुलांचे सर्जन रात्रीही येतात. तेवढ्यासाठी पाचपैकी चार.

बेंबीभोवती कळा, मग तास-दोन तास पोर ठणठणीत, परत कळ. घरोघरी याला जंत म्हणतात, नाहीतर 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळतात, वर एरंडेल पाजतात. ते दोन्ही धोक्याचं. इथे पहिला प्रश्न उलटीच्या रंगाचा. हिरवी म्हटलं की तोंडाने सगळं बंद, नाकातून नळी, वजनावर मोजून सलाईन (किलोला १० ते २० मिली, मग नाडी बघून पुढचं) आणि सर्जनला फोन. हेच बरोबर. हिरवी उलटी म्हणजे आतड्याला अडथळा, असं धरूनच चालायचं.

अशा येत्या-जात्या कळांमागे अंतर्गत हर्नियाही असू शकतो. तो विरळा, म्हणूनच नजरेतून सुटतो. आतडं धरून ठेवणाऱ्या पडद्याला जन्मजात भोक असतं, बहुधा २ ते ५ सेंमीचं. त्यात आतड्याचे वेढे शिरतात. बाहेर फुगवटा काही नाही. वेढे आपसूक सुटले की दुखणं थांबतं आणि एक्स-रेही साफ येतो. अडकून पीळ बसला तर रक्तपुरवठा तुटून काही तासांत आतडं काळं पडतं. सोनोग्राफी अपेंडिक्सला चांगली, इथे पोटातल्या वायूपुढे तिचं फारसं चालत नाही. कॉन्ट्रास्ट सीटीत (शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्या उठून दिसतील असा काढलेला स्कॅन) एका जागी गोळा झालेले वेढे आणि ताणलेल्या रक्तवाहिन्या दिसतात, तोही कळ चालू असताना काढला तर. हे केंद्र तो सकाळवर ढकलत नाही. पोर खचत चाललं असेल तर सीटीची वाटही न बघता थेट ऑपरेशन: वेढे सोडवणं, भोक शिवणं, काळं पडलेलं आतडं कापून जोडणं.

एक गुण कापला तो डिस्चार्ज कार्डासाठी. कळ थांबली की 'पोटदुखी, औषधाने आराम' एवढंच लिहून घरी पाठवतात. परत कधी यायचं, ते नाही. हिरवी उलटी, फुगलेलं पोट, शौचातून रक्त, मूल मलूल: या चार गोष्टी मराठीत लिहून मागा, आणि सीटीची सीडीही. मागितल्याशिवाय देत नाहीत.